सहावी कुपी

तिसऱ्यांदा वजन केलं तरी काट्यावर तोच आकडा आला. १.४९६ ग्रॅम. वहीत माझ्याच अक्षरात १.८४२ लिहिलेलं होतं.

"सर, सहाव्या कुपीतलं कमी भरतंय."

हेर्लेकर सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. "किती?"

"साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास."

"काटा तपासलास?"

"दोनदा."

"मग मागच्या वेळी झाकणासकट वजन केलं असशील."

"नाही सर. झाकण काढून. तसं लिहिलंय वहीत."

"वहीत माणूस चुकीचंही लिहितो, उल्का."

डोक्यापेक्षा वहीवर विश्वास ठेवायचा, हे गेली चार वर्षं मला याच माणसाने शिकवलं होतं. सरांनी खिशातून रुमाल काढला, ओठ टिपले, कपाळ पुसलं. मार्च महिना होता, पण सकाळचे साडेनऊच वाजले होते आणि डोक्यावर पंखा चालू होता.

"दोन वर्षांची मेहनत आहे," ते दाराकडे जाता जाता म्हणाले. "जरा लक्ष ठिकाणावर ठेवत जा."

ही २००४ सालची गोष्ट. कोल्हापूरच्या एका फार्मसी कॉलेजात मी डॉ. दिनकर हेर्लेकरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. आमचं काम एका रानकंदावर चाललं होतं. घाटाखालच्या ओढ्यांच्या काठाने पांढऱ्या, लांब पाकळ्यांच्या फुलांचं एक झाड उगवतं. तिकडचे लोक त्याच्या कंदाला गडांबी कांदा म्हणतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, कारण तो विषारी असतो. त्याच्याच दूरच्या नात्यातल्या, युरोपातल्या एका कंदफुलातून काढलेलं द्रव्य स्मृतिभ्रंशावरचं औषध म्हणून नुकतंच बाजारात आलं होतं. वनस्पतींतल्या अशा कडू, जहाल द्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. मेंदूतल्या एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं एक रसायन असतं, आणि काम झालं की त्याचे तुकडे करणारं एक एन्झाइम असतं, कोलिनएस्टरेज. अल्झायमरच्या रोग्यांत ते रसायन आधीच कमी पडतं. तुकडे करणाऱ्या एन्झाइमला थोडं आवरलं, तर आहे ते रसायन जास्त वेळ टिकतं. रोग बरा होत नाही, पण काही काळ माणूस सावरतो. आपल्या मातीतल्या कांद्यात त्याहून चांगलं काही सापडेल, अशी सरांची खात्री होती.

पंचावन्न किलो कंद आम्ही चिरले, वाळवले, कुटले, त्यांचा अर्क काढला. त्या अर्कातली द्रव्यं वेगवेगळी करून अकरा कुप्या भरल्या. त्यातली फक्त सहावी त्या एन्झाइमला जोरात आवरत होती. उंदरांवर मी नुकतीच सुरुवात केली होती. कमी मात्रेत उंदीर ठीक असत. मात्रा वाढवली, की त्यांच्या तोंडातून लाळ गळू लागे, बुबुळांमधल्या बाहुल्या बारीक होत, अंग थरथरे. आठातले तीन मेले होते. स्मृतीवर काही परिणाम होतो का, इथपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

ती कुपी कुलुपातल्या कपाटात असे. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक सरांकडे. पण सरांवर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मी संशय घेतला तो स्वतःवर. संध्याकाळी कॉलेजातून निघताना स्कूटी कुठे लावली होती ते मला पटकन आठवेना, आणि मी पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सरांचा तिसऱ्या वर्षाचा तास होता. मी मागच्या बाकावर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. सरांनी फळ्यावर रचना काढायला सुरुवात केली. वर्गात खुसखुस झाली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, हे सोमवारीच झालं."

सरांचा हात फळ्यावर थांबला. खडू थोडा हलत होता.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "उजळणी घेतोय. बस खाली."

आणि त्यांनी सोमवारचाच तास शब्दन्‌शब्द पुन्हा घेतला. तोच विनोदसुद्धा, त्याच जागी. बाहेर पडताना मला म्हणाले, "शुभांगी, त्या उत्तरपत्रिका उद्या दे."

शुभांगी म्हणजे त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिला बडोद्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

सत्तावन्न वर्षांचा माणूस, त्यात कामाचा ताण, होतं असं. मनाची समजूत घालायला एवढं पुरेसं होतं. गुरुवारी सकाळी मात्र आल्या आल्या मी कपाट उघडलं आणि कुपी काट्यावर ठेवली. १.४३५. मंगळवारपेक्षा आणखी एकसष्ट मिलिग्रॅम कमी. या वेळी वजन करताना झाकण माझ्या डाव्या हातात होतं. माझं डोकं ठिकाणावर होतं.

सर कॉलेजात आले नव्हते. मी वजनाची वही पिशवीत टाकली आणि स्कूटी काढली. ताराबाई पार्कातल्या त्यांच्या घरापर्यंत जाताना काय विचारायचं, कसं विचारायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते.

दार काकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी, कुमुदकाकू. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, नेहमी टापटीप. त्या दिवशी त्यांचे केस मोकळे होते आणि हातात ओला टॉवेल होता.

"बरं झालं आलीस. आत ये. सकाळपासून उलट्या होताहेत यांना."

सर कॉटवर टेकून बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. तोंडाच्या कडेने लाळ ओघळत होती आणि त्यांना ती कळत नव्हती. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"पित्त आहे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "तू कशाला… प्रयोग सोडून…"

पुढचं वाक्य झालंच नाही. ते एका अंगाला कलंडले.

काकूंनी शेजाऱ्यांना हाक मारली. त्यांची व्हॅन निघेपर्यंत काकू दोनदा आत-बाहेर झाल्या आणि पर्स घेऊन आल्या. आम्ही सरांना मागच्या सीटवर मधे बसवलं. एका बाजूला मी, एका बाजूला काकू. दाभोळकर कॉर्नरला गाडी वळली तेव्हा सरांनी माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

"बोलू नकोस," ते पुटपुटले. "काहीच बोलू नकोस कुणाला."

त्या क्षणी मला सगळं कळलं. रुमाल, घाम, कुपीचं घटत गेलेलं वजन. मी काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

रुग्णालय लहानसं होतं. आत घेतल्याबरोबर डॉ. मुजावर धावत आले. तिशीचे असतील. त्यांनी नाडी धरली, मशीन लावायला सांगितलं, कागदाची पट्टी निघाली ती हातात घेऊन उभ्या उभ्या वाचली.

"नाडी अडतीस आहे. हार्ट ब्लॉक दिसतोय. आधी हार्टचा काही त्रास?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"ब्लडप्रेशर? शुगर? कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाही."

"शेतात गेले होते का? फवारणी वगैरे?"

"अहो, प्रोफेसर आहेत ते. शेती कुठली आम्हाला?"

डॉक्टरांनी मान हलवली. "इथं पेसमेकरची सोय नाही. मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल. सिस्टर, अॅम्ब्युलन्सला फोन करा."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मला ते नेमकं आठवतं, कारण मी घड्याळाकडेच बघत होते. खाटेकडे बघवत नव्हतं. पिंजऱ्यातल्या उंदरांचं जे झालं होतं तेच माझ्यासमोर चाललं होतं, आणि त्या खोलीत ते ओळखू शकणारी मी एकटी होते. तरी माझं तोंड उघडेना. सांगितलं, तर परवानगी नसलेलं द्रव्य माणसाने घेतल्याचं उघड होणार. पोलीस येणार. सरांची अब्रू जाणार, प्रकल्प बंद पडणार, त्याबरोबर माझी चार वर्षंही जाणार. हो, हा शेवटचा विचारही माझ्या मनात आला होता. तो आलाच नव्हता असं म्हणायला मला आवडलं असतं.

"केवढी लाळ येतेय यांना," सिस्टर पुसता पुसता म्हणाली.

सरांच्या छातीतून घरघर येऊ लागली. ओठांचा रंग बदलला. घड्याळात अकरा चोवीस झाले होते.

"डॉक्टर," मी म्हणाले. "हार्ट नाही. त्यांनी औषध घेतलंय. म्हणजे औषध नाही, आमच्या लॅबमधलं अल्कलॉइड. कोलिनएस्टरेज आवरणारं."

डॉक्टर थांबले. "कीटकनाशकासारखं?"

"परिणाम तसाच. तुम्ही डोळे बघा."

त्यांनी टॉर्च काढली आणि सरांच्या पापण्या वर केल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"अॅट्रोपिन काढा!" ते सिस्टरवर जवळजवळ ओरडले. "सक्शन लावा. अॅम्ब्युलन्स राहू दे." सुई टोचता टोचता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे आल्या आल्या का नाही सांगितलं? आमच्याकडे फवारणीच्या विषबाधेच्या आठवड्याला दोन केसेस येतात. मी विचारलंसुद्धा."

मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

अॅट्रोपिन म्हणजेही एक अल्कलॉइडच. धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांतून निघतं. मी ते विद्यार्थ्यांना शिकवत होते, पण माणसाच्या अंगात उतरताना कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या इंजेक्शनने काही झालं नाही. पाच मिनिटांनी दुसरं दिलं. नाडी चव्वेचाळीस. तिसरं. बावन्न. लाळ आटू लागली, छातीतली घरघर कमी झाली. सत्तरीवर आकडा गेला तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्ची ओढली.

"किती घेतलं असेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

काकूंनी पर्स उघडली आणि चष्म्याचं एक जुनं घर काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. आत बटरपेपरच्या छोट्या पुड्या होत्या, वैद्य बांधतात तशा. काही भरलेल्या, काही रिकाम्या. मी रिकामे कागद मोजले. पाच होते.

"एका पुडीत दहा मिलिग्रॅम," काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. "रोज सकाळी एकच घ्यायचे. रिकामा कागद लगेच टाकून द्यायचे. आज बहुतेक… घेतली की नाही हे त्यांना आठवलं नसावं."

"पाच वेळा?" डॉक्टरांनी विचारलं.

काकूंनी मान डोलावली.

नंतर आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. काकूच आधी बोलल्या.

"दिवाळीत पुण्याला दाखवलं होतं. अल्झायमर निघाला. इतक्या लवकर क्वचित होतो म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या."

"मग?"

"एक दिवस घेतली नाही. म्हणाले, दुसऱ्याच्या गोळीने मी टिकलो तर माझ्या वीस वर्षांच्या कामाचा उपयोग काय? माझ्या कपाटात याहून चांगलं आहे. मी भांडले, रडले. मग कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली मला." त्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली, मोडली. "गाडीत तुला ते काय म्हणाले, ते ऐकलं मी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला तुझ्याआधी माहीत होतं, उल्का. चष्म्याचं घर माझ्या पर्समध्ये होतं. आणि मी म्हणाले, शेती कुठली आम्हाला."

मी त्यांचा हात धरला.

पुढे जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांना पोलिसांना कळवणं भाग होतं. जबाब झाले. कॉलेजने चौकशी समिती नेमली, प्रकल्प थांबवला. सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. माझं काम दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेलं आणि पदवी दोन वर्षं लांबली. सहाव्या कुपीत उरलेल्या द्रव्याची तपासणी बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने केली. त्यात नवीन काही निघालं नाही. तीन अल्कलॉइडांचं मिश्रण होतं. एक उपयोगी, जगाला आधीच माहीत असलेलं. दोन विषारी, तीही माहीत असलेली. सर पुढे नऊ वर्षं जगले. त्यातली पहिली तीन बऱ्यापैकी गेली.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायची आहे ती त्याच आठवड्यातली शनिवारची सकाळ.

सर रुग्णालयातल्या खाटेवर उशाला टेकून बसले होते. अॅट्रोपिनमुळे आलेला भ्रम उतरला होता. चेहरा ओढलेला, पण डोळे पूर्वीसारखे, एखादा विद्यार्थी काही चांगलं विचारेल म्हणून वाट बघणारे. काकू खिडकीशी मोसंबी सोलत होत्या.

"ये, बस," सर म्हणाले. "कुमुद, ती वही दे तिला."

काकूंचे हात थांबले. "आता कशाला? बरं वाटू दे आधी."

"दे म्हणतो ना."

काकूंनी पर्समधून निळ्या पुठ्ठ्याची एक लहान वही काढली. देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"एकतीस दिवसांच्या नोंदी आहेत," सरांचा आवाज चढला. "रोज सकाळी पुडी. दोन तासांनी कुमुद मला दहा शब्द वाचून दाखवायची. मग दहा मिनिटं पेपर वाचायचा आणि आठवतील तेवढे शब्द सांगायचे. साधी चाचणी, पण खोटं बोलत नाही. आकडे बघ."

मी बघितले. पहिल्या दिवशी दोन. मग तीन, दोन, एक. मग पाच. पाच, सहा, सहा. तिसऱ्या आठवड्यात आठ. शेवटच्या दहा दिवसांत नऊच्या खाली एकदाही नाही.

खरं सांगते, त्या क्षणी मी चौकशी, पोलीस, उंदीर, सगळं विसरले. दोनवरून नऊ. असा आकडा कुठल्याच औषधाने दिला नव्हता.

"आता कळलं मी का घेत होतो?" सर म्हणाले. "गुरुवारी मात्रेत गोंधळ झाला, ते कबूल. तो द्रव्याचा दोष नाही. पुड्या कुमुदच्या ताब्यात ठेवायच्या, संपला प्रश्न. अजून दोन महिने घेतलं तर नोंदी पक्क्या होतील. तू फक्त कुपीचं बघ. समिती कपाट सील करायच्या आत अर्धा ग्रॅम काढून ठेव."

"सर…"

"माझ्यासाठी मागत नाही, उल्का. असे लाखो आहेत."

मी पानं उलटत राहिले. डाव्या बाजूला काकूंच्या सुंदर, शाळेच्या फळ्यावर शोभेल अशा अक्षरात शब्द लिहिलेले होते. खिडकी, ताम्हण, शेवगा, जहाज, मामा, चुना, हरभरा, दोरी, पावशेर, तुळई. मी पुढचं पान उलटलं. खिडकी, ताम्हण, शेवगा. आणखी पुढचं. खिडकी, ताम्हण, शेवगा.

मी मान वर केली. काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"थर्मासमध्ये गरम पाणी आणायचंय," त्या म्हणाल्या. "येतेस?"

पाण्याच्या नळापाशी कुणी नव्हतं. काकूंनी थर्मास खाली ठेवला.

"रोज नवे शब्द विचारायचं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिले चार दिवस विचारले. चौथ्या दिवशी एकच आठवला त्यांना. जेवले नाहीत त्या दिवशी. गॅलरीत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. पाचव्या दिवशी मी तिसऱ्या दिवसाचे शब्द पुन्हा वाचले. पाच आले. इतके खूश झाले, उल्का. मला म्हणाले, शिरा कर." त्यांनी नळ उघडला, पुन्हा बंद केला. "मग मी तेच वाचत राहिले. त्यांच्या ते लक्षात येणार नाही, हे मला माहीत होतं."

"काकू, या आकड्यांवर भिस्त ठेवून ते परत घेतील."

"मी घेऊ देणार नाही."

"गुरुवारी कुठं थांबवता आलं?"

नळातून पाणी थेंब थेंब पडत होतं.

"सांगू नकोस त्यांना," अखेर त्या म्हणाल्या. "एवढं एकच तर उरलंय त्यांच्याजवळ. आणि मी… मी त्यांना फसवलं, हे कळलं तर…"

मी थर्मास भरला. झाकण लावलं. परत खोलीत येईपर्यंत काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आत आले, तर सर पेन हातात घेऊन माझीच वाट बघत होते.

"मग? कधी आणतेस?"

"सर, हे आकडे धरता येणार नाहीत."

"का?"

"पाचव्या दिवसापासून शब्द तेच आहेत."

क्षणभर त्यांना कळलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक शब्दाखाली बोट धरत ते वाचत होते. दुसरं पान. तिसरं. पाचव्या पानावर बोट थांबलं आणि मागे गेलं. मग पुढे, पुढे, शेवटपर्यंत. खोलीत फक्त कागदाचा आवाज होता. काकू दारात उभ्या राहिल्या होत्या. आत आल्या नाहीत.

सरांनी चष्मा काढला नाही. पेनाचं टोपण उघडलं. प्रयोग फसला की आम्ही नोंदवहीत मारतो तशी पाचव्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बाद'. पुढच्या पानावरही तसंच. सत्तावीस पानं त्यांनी एकेक करून बाद केली. मी "मी करते" म्हणाले, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. शेवटच्या पानावर सही केली आणि थांबले.

"तारीख?"

"वीस मार्च."

त्यांनी तारीख घातली. वही मिटली.

"अहो," काकू दारातून म्हणाल्या. "ते शब्द मी…"

सरांनी हात वर केला. ते काकूंकडे बघत होते. ते बघणं रागाचं नव्हतं. इतक्या वर्षांत सरांच्या चेहऱ्यावर मी तसं काही पाहिलं नव्हतं.

"मीच सांगितलं असेल तुला," ते म्हणाले. "तेच शब्द ठेव म्हणून. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही, कुमुद."

काकू आत आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. सोललेल्या मोसंबीची एक फोड घेऊन त्यांनी तिच्यावरचे पांढरे धागे काढले, बिया काढल्या, आणि ती सरांच्या हातात दिली.

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतं."